लेकरू कुणाच्या आधारानं उभं राहतं?



आजचा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. त्यात आमचीच चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एका बाईचा नवरा अपघातात गेला. आम्ही सगळ्याजणी धावलो. ज्वारी, डाळ, तेल गोळा केलं. गटातून पैसे काढून दिले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग खुरपणी आली आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. तिची मोठी मुलगी सातवीत होती. ती फार रडली नाही. धाकट्या भावाला सांभाळायची, पाणी भरायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, "पोरगी धीराची आहे." जूनमध्ये शाळा भरली, तेव्हा ती शाळेत नव्हती. आईबरोबर मजुरीला जात होती आणि पाहुण्यांत तिच्या लग्नाची बोलणीही निघाली होती. मधल्या सात-आठ महिन्यांत आमच्यातल्या एकीनंही तिला विचारलं नव्हतं, "बाई, तुझं दप्तर कुठं आहे?"

"पोरं लहान असतात, विसरून जातात," असं आपण म्हणतो. नाहीतर म्हणतो, "पोरगं मुळातच खमकं आहे." दोन्ही बोलण्यांचा अर्थ एकच निघतो, की मोठ्यांनी काही करायची गरज नाही. हे खरं आहे का, हे बघण्यासाठी आम्ही आपल्याच भागाचा इतिहास चाळला. दीडशे वर्षांत इथल्या लेकरांवर मोठमोठी संकटं आली. काही लेकरं त्यातून उभी राहिली. त्यांच्या पाठीशी कोण होतं, एवढंच आज सांगायचं आहे. त्यासाठी आपण तीन ठिकाणी जाऊ: पंढरपूर, नळदुर्ग आणि सोलापुरातलं नीलमनगर.

पंढरपूर, १८७५

पंढरपूरला आपण वारीला जातो. तिथल्या बालकाश्रमाचं नाव मात्र आपल्यातल्या थोड्याजणींनीच ऐकलं असेल.

त्या काळी लहानपणी लग्न व्हायचं. नवरा वारला की पोरवयातली विधवा जन्मभर घराच्या कोपऱ्यात. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तिचं दुसरं लग्न करत नसत. घरातल्याच कुणी तिला फसवलं आणि दिवस गेले, तर दोष तिचाच. मग ती जीव तरी द्यायची, नाहीतर जन्मलेलं मूल टाकून तरी द्यायची. तीर्थाच्या गावी ओळख लपवणं सोपं, म्हणून अशा बाया तिथं येत.

पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली अशा बायांसाठी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा, न्यायचं तर न्या. पुढं १८७५ साली पंढरपुरातही असंच काम उभं राहिलं. तिथं न्यायखात्यात नोकरीला असलेले लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी पुढाकार घेतला. हाच आश्रम पुढं वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला.

लगोलग १८७६ चा दुष्काळ आला. दख्खनमधल्या ज्या जिल्ह्यांना त्याचा मोठा फटका बसला, त्यात आपला सोलापूर होता. ज्वारी गेली, जनावरं गेली, माणसं वाट फुटेल तिकडं निघाली. चालता चालता आईबाप दगावले की लेकरू रस्त्यावरच राहायचं. १८७७ साली फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला अशा मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

या काळातली एका मुलाची हकीकत नोंदलेली आहे. फुल्यांच्या त्या गृहात एका विधवेला मुलगा झाला. सावित्रीबाई-जोतिरावांनी १८७४ साली तो दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. लोकांनी त्याच्या जन्मावर बोट ठेवलं असेलच. पण त्याला घर मिळालं, बापाचं नाव मिळालं, शाळा मिळाली. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्यानं हडपसरला रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथं आणत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. टाकून दिलं जाणारं लेकरू, त्याला हात मिळाला, आणि पुढं तोच हात दुसऱ्यांच्या लेकरांना मिळाला. त्यातली पहिली पायरी अगदी साधी होती: छप्पर, पोटाला अन्न आणि "हे आमचं आहे" असं म्हणणारं माणूस.

नळदुर्ग, १९९३ नंतर

आता शंभर वर्षं पुढं येऊ. हा काळ आमच्यातल्या बऱ्याचजणींनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सोलापुरातही लोक घराबाहेर पळाले. उजाडल्यावर कळलं, की लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्ह्यातलं सास्तूर या भागात गावंच्या गावं बसली. आपल्याकडची जुनी घरं आठवा: दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गार राहायची, पण त्या पहाटे त्याच भिंती अंगावर आल्या. आठ-दहा हजार माणसं गेली. जखमींना लातूरच्या, सोलापूरच्या दवाखान्यांत आणलं.

वाचलेल्यांत शाळेच्या वयाची पोरं खूप होती. कुणाची आई गेली, कुणाचा बाप, कुणाचं अख्खं घर. पहिले काही आठवडे मदतीचे ट्रक येत होते. कपडे, भांडी, बिस्किटं. त्या ढिगाऱ्यावर बसलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला बिस्किटाचा पुडा मिळत होता. पण रात्री दचकून उठलं की त्यानं हाक कुणाला मारायची?

यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी वाट काढली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेलं, तिथं त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. वाघोलीचं त्यांचं शैक्षणिक पुनर्वसनाचं काम यातूनच वाढलं. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ठरवलं, की काही मुलांची सोय त्यांच्याच मुलखात करायची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग लागतं. त्याच्याजवळ आलियाबादला त्यांनी वसतिगृह काढलं. बार्शीचे जुने समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा या कामाचे खांब. नाव ठेवलं "आपलं घर".

या नावातच खूप काही आहे. अनाथाश्रम म्हटलं की पोराच्या कपाळावर शिक्का बसतो. "आपलं घर" म्हटलं की कुठं राहतोस याचं उत्तर देताना पोराची मान खाली जात नाही. तिथली भाषा त्याचीच, भाकरी तीच, पाऊसपाणी तेच. आणि आजूबाजूला त्याच भूकंपातून आलेली दुसरी पोरं. एखादं रात्री उठून बसलं तर शेजारच्या गादीवरच्या पोराला काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच दुःखातून आलेला सोबती असणं हाही मोठा आधार असतो. भूकंपातली मुलं मोठी होऊन बाहेर पडली, पण घर बंद झालं नाही. पुढं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आणि इतर कारणांनी उघड्यावर पडलेली मुलं तिथं येत राहिली.

भूकंपानंतरच्या घरबांधणीतली एक गोष्टही आपण बायांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली. घर केवढं मिळणार, हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. प्रत्येक मापाच्या घरांच्या वेगळ्या रांगा. रस्ते सरळ, रुंद. कागदावर चांगलं दिसलं. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहणारे भाऊबंद आणि शेजारी आता गावाच्या दोन टोकांना गेले. आई शेतात गेली की पोर बिनधास्त ज्या चुलतीच्या ओट्यावर बसायचं, तो ओटाच लांब गेला. सरकारनं घर दिलं, पण शेजार कुणाच्या यादीत नव्हता.

जिथं घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीचं काम निघालं. जागतिक बँकेचं कर्ज त्याला होतं. या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया "संवाद सहायक" म्हणून पुढं आणल्या. एक हजाराहून जास्त गावांत या बाया घरोघर फिरल्या. पत्रा, सिमेंट, लोखंड किती लागतं, भिंतीला आडवा पट्टा का द्यायचा, इंजिनिअरला काय विचारायचं, हे त्या शिकल्या आणि शिकवलं. आम्हाला वाटतं, पोरांसाठी हाही आधारच होता. जी आई कालपर्यंत तोंडाला पदर लावून बसली होती, ती आज चारचौघांत उभी राहून घराचा हिशोब मागते, हे बघितलेलं पोर आपलं काही खरं नाही असं समजत नाही. २००१ साली गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या.

लांबच्या बेटावरचा अभ्यास

हे आपल्याकडचं झालं. तिकडं अमेरिकेच्या हवाई बेटांत काउआई नावाचं एक बेट आहे. तिथंही ऊसमळे, तिथंही मजूर. त्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चाळीस वर्षं लक्ष ठेवलं. मूल एक वर्षाचं असताना, दोनचं, दहाचं, अठराचं, बत्तीसचं आणि चाळीसचं असताना त्याची विचारपूस केली.

त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला मोठी संकटं होती: गरिबी, घरात भांडणं, बापाची दारू, आईचं आजारपण. अशा मुलांतली बरीच पुढं अडखळली. पण दर तीनांतलं एक मूल नीट उभं राहिलं. शिकलं, कामाला लागलं, संसार केला, दुसऱ्याला मदत करणारं निघालं. त्यांच्यात वेगळं काय होतं? बऱ्याच गोष्टी होत्या. काहींचा स्वभाव गोड होता. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. या मुलांना निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. आईबाप नसतील तर आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण किंवा शाळेतल्या बाई. दुसरं असं, की त्यांच्याकडं झेपेल असं एखादं जबाबदारीचं काम होतं, आणि त्यांच्या करण्यानं घराचं काहीतरी सावरत होतं.

इथं आम्ही थबकलो. झेपेल असं काम म्हणजे काय? भावाला शाळेत सोडणं, शेळीला पाला घालणं, हे झेपणारं. त्यानं पोराला वाटतं, मी कामाचं आहे. पण दप्तर टाकून दिवसभर मजुरीला जाणं हे ओझं आहे. आमच्या गटातल्या त्या मुलीला आम्ही धीराची म्हणत होतो. ती खरं तर ओझ्याखाली होती.

नीलमनगर, २०२०

तिसरं ठिकाण अगदी जवळचं, आपल्या सोलापूर शहरातलं. नीलमनगर ही कामगारांची वस्ती. पुरुष यंत्रमागावर, बाया विड्या वळणाऱ्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. माग थांबले, विड्यांचं काम थांबलं, शाळा बंद झाली. शिक्षण मोबाइलवर सुरू झालं म्हणाले. पण ज्या घरात एक साधा फोन, तोही बाप बरोबर घेऊन जाणार, त्या घरातल्या पोरानं शिकायचं कशावर?

तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. सुमारे तीनशे भिंती. कुठं बाराखडी, कुठं पाढे, कुठं व्याकरण, कुठं गणिताची सूत्रं. पहिलीपासून दहावीपर्यंतचं. पोरं वही-पेन घेऊन गल्लीतून फिरायची, लांब लांब उभी राहून वाचायची, उतरवून घ्यायची. ज्या भिंतीवर धडा, त्या घरातली बाई दारात विड्या वळत बसलेली. तिला स्वतःला वाचता येत असो-नसो, दारात आलेल्या पोराकडं तिचं लक्ष जाणारच.

आम्हाला यातलं रंगकाम जेवढं आवडलं, त्याहून जास्त त्यामागचा निरोप आवडला. शाळा बंद पडली की पोराला वाटतं, आता आपल्याला कुणी विचारत नाही. भिंतीवरचा धडा त्याला सांगतो, गुरुजींना तू आठवतोस. संकटात पोराला शाळा हवी असते ती नुसत्या धड्यासाठी नाही. रोज ठरलेल्या वेळी कुठंतरी जायचं, कुणीतरी हजेरी घ्यायची, शेजारी बसणारी मैत्रीण असायची. घरात सगळं उलटंपालटं झालेलं असताना तेवढंच एक जागच्या जागी राहतं. किल्लारीच्या पोरांना ते लागलं आणि नीलमनगरच्या पोरांनाही.

आता आपल्या गावात

तिन्ही ठिकाणांहून आम्हाला दिसलं ते असं. लेकराची उभारी त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. छप्पर आणि अन्न, एक भरवशाचं माणूस, बरोबरीचे सोबती आणि न मोडणारी शाळा, या चार आधारांवर ते उभं राहतं. यातला एखादा निखळला तर बाकीचे काही काळ तोलून धरतात. सगळेच निखळले तर कितीही खमकं पोर खाली बसतं.

आपल्या जिल्ह्यात दरवर्षी येणारं संकट म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की गाड्या निघतात. आईबाप कोयता घेऊन फडावर, पोर एकतर त्यांच्या मागं कोपीत, नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीपाशी. अशा मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. समितीत आपल्यासारख्या आया असतात. गाड्या जायच्या आधीच समितीत बसून विचारा: किती पोरं मागं राहणार, जेवणाची सोय कधी सुरू होणार, आजी आजारी पडली तर पोर कुणाकडं झोपणार?

ज्या घरात आई किंवा बाप गेला, तिथं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आईबाप दोघंही नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या गरजू मुलांना अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. कागद गोळा करायला विधवा बाई एकटी फिरली तर चार रोज बुडतात. गटातल्या एकीनं बरोबर जायचं. शाळा सुटलेल्या पोराला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावं लागतं, दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवता येत नाही. तसा कायदा आहे. आणि कुणाचं लहानपणी लग्न लावत असतील, मारत असतील, कामाला जुंपत असतील, तर १०९८ हा फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. आम्ही उशिरा का होईना, जागे झालो. दोघीजणी शाळेत गेलो, नाव पुन्हा सुरू केलं. योजनेचा अर्ज भरला. लग्नाची बोलणी करणाऱ्या पाहुण्यांना गटातल्या पाचजणींनी घरी जाऊन समजावलं. सगळं लगेच गोड झालं नाही. एक वर्ष मागं पडल्यानं ती वर्गात लाजायची, आठवड्यातून दोन दिवस दांडी मारायची. मग आमच्यातल्या एकीनं ठरवलं, रोज संध्याकाळी तिनं आपल्याकडं यायचं, आपल्या मुलीबरोबर अभ्यासाला बसायचं. त्या घरी ती पहिल्यांदा बापाची आठवण काढून रडली, तब्बल दीड वर्षानं. म्हणजे ती विसरली नव्हती. रडण्यासारखी जागा तिला मिळाली नव्हती. आता ती शाळेत जाते. दांडी कमी झाली आहे, थांबलेली नाही.

आम्ही आता गटाच्या वहीत एक नवं पान घातलं आहे. बचतीचा हिशोब झाला की ते पान उघडतो. गावात ज्या घरात या वर्षी कुणी गेलं, कुणी फडावर गेलं, कुणी आजारी पडलं, त्या घरातल्या शाळकरी पोरांची नावं त्यावर आहेत. प्रत्येक नावापुढं आमच्यातल्या एकीचं नाव. तिनं महिन्यातून दोनदा त्या पोराला भेटायचं आणि विचारायचं: जेवलास का, शाळेत गेलास का, खेळायला कुणाबरोबर जातोस?

तुमच्या पुढच्या बैठकीत असं एक पान घालून बघा. किती नावं निघाली आणि कुणी कुणाचं नाव घेतलं, ते आम्हाला जरूर कळवा.